संशयित मद्यपी चालकाचे हक्क

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. दारू पिऊन मोटार हाकणाऱ्या माणसाला कसले आले आहेत हक्क, असा प्रश्न सहज मनात येतो. माझ्याही मनात तो कित्येक वर्षे होता, आणि त्याला तसे कारणही घडले होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील रात्रपाळी संपवून सायकलीने घरी परतत असताना एका मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली सापडले आणि जागीच गतप्राण झाले. पंधरवड्याने मुलगी शाळेत आली. हजेरी घेताना मी नेहमीप्रमाणे तिचे पूर्ण नाव पुकारले. तिने 'हजर' म्हटले खरे. परंतु आपल्या नावापाठोपाठ वडिलांचे नाव कानी पडताच तिची मान खाली गेली. त्या दिवसापासून ते वर्ष संपेपर्यंत मी वर्गात सर्वच मुलांची केवळ पहिली नावे घेत असे. म्हणून हे प्रथमच सांगून ठेवते की, आज मी जे बोलणार आहे ते त्या मुलीला विसरून नव्हे.

पण मागच्याच वर्षी एका रविवारी दुपारी माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. तो बेळगावहून गोव्याकडे भाजीपाल्याचा टेंपो घेऊन जातो. चोर्ल्याच्या घाटातला रात्रीचा प्रवास हीच त्याची नोकरी. हातात घडी घातलेला कागद होता. "बाई, ह्यात काय लिहिले आहे ते एवढे वाचून सांगा," असे तो म्हणाला. कागद कन्नड भाषेत होता. बोलण्यापुरते कन्नड त्याला येते, वाचता येत नाही. मी ती भाषा आवडीने शिकले आहे, म्हणून वाचला. त्यात लिहिले होते की, ह्या चालकाने मद्यप्राशन करून वाहन चालविले, अडविल्यावर शिवीगाळ केली आणि हवालदाराशी झटापट केली. आणि हे सर्व आपण कबूल करतो. खाली त्याची सही होती.

मी विचारले, "तू प्यायला होतास?" त्याने मान खाली घातली. "घेतली होती, बाई. खोटे बोलणार नाही. पण अंगाला हात लावला नाही कुणाच्या. सही कर, मग सकाळी सोडतो, असे म्हणाले, मी केली." त्याला रात्रभर बसवून ठेवले होते. डॉक्टरकडे नेले नव्हते. परवाना काढून घेतला होता, त्याची पावती दिलेली नव्हती. आणि 'पंधरा हजार आणलेस तर प्रकरण इथेच मिटेल' असेही कोणी तरी कानात सांगितले होते.

श्रोतेहो, त्या मुलाने गुन्हा केला होता, ह्याविषयी शंका नाही. परंतु त्याने जो गुन्हा केला तो एक, आणि ज्या गुन्ह्याच्या कागदावर त्याची सही होती तो दुसरा. ह्या दोहोंमधले अंतर राखण्यासाठीच कायद्याने आरोपीला काही हक्क दिलेले आहेत. ते हक्क कोणते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम गुन्हा म्हणजे काय ते पाहू. मूळ १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आकडा नव्हता; वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतक्या अमलाखाली चालक असला म्हणजे तो दोषी, असे म्हटलेले होते. साहजिकच सारा भर डोळ्यांना दिसणाऱ्या आणि नाकाला जाणवणाऱ्या लक्षणांवर पडे. १९८८ च्या कायद्याच्या १८५ व्या कलमाने प्रमाण ठरवून दिले: रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले, तर तो गुन्हा होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वाहन प्रत्यक्ष चालविलेच पाहिजे असे नाही. चालविण्याचा प्रयत्न केला तरी हे कलम लागू पडते. कायदा केंद्राचा असल्यामुळे तो पणजीत, बेळगावात, इंदुरात आणि हैदराबादेत एकच आहे.

बडोद्याच्या श्रोत्यांना मात्र एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा मद्यनिषेध कायदा गुजरातेत आजही जारी आहे. तेथे परवान्यावाचून मद्यपान करणे हाच गुन्हा असल्याने, पकडलेल्या चालकावर दोन निरनिराळ्या कायद्यांखाली आरोप येऊ शकतात.

ह्याच मद्यनिषेधाच्या कायद्याखाली घडलेला एक जुना खटला येथे आठवतो. १९५१ च्या मे महिन्यात मुंबईच्या कुलाबा भागात एका जीपचा धक्का लागून तीन माणसे पडली. जीप चालविणारे गृहस्थ होते प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या पदावर काम करणारे. म्हणजे इतरांना वाहन चालविण्याचे परवाने देणाऱ्या खात्याचेच अधिकारी! त्यांच्या तोंडाला मद्याचा वास येत होता. तथापि डॉक्टरांनी तपासले तेव्हा त्यांचे बोलणे सुसंगत होते आणि ते सरळ रेषेत चालू शकत होते. आपण औषधी अर्क घेतला होता, असे त्यांचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने मद्यनिषेधाखाली दोषी ठरविले, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. औषधी द्रव्यांवरील बंदी त्यापूर्वीच घटनाबाह्य ठरली होती. तेव्हा पोटात गेलेले मद्य हे निषिद्ध प्रकारचेच होते, हे सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावर आहे, आरोपीवर नाही, असे न्यायालय म्हणाले. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्याने कायदा दुरुस्त केला आणि रक्तात ठरावीक प्रमाणाहून अधिक अल्कोहोल आढळल्यास ते ओझे आरोपीकडे वळविले. अशा रीतीने वासाकडून मोजमापाकडे कायद्याची वाटचाल सुरू झाली.

१९७१ मध्ये मुंबईच्याच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा अधिक स्पष्ट केली. तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणे, एवढ्यावरून मनुष्य नशेत होता असे निश्चित म्हणता येत नाही. त्यासाठी रक्ताची किंवा लघवीची तपासणी व्हावयास हवी होती, असा त्या निकालाचा आशय आहे. विचार केला तर हे आपल्यालाही पटेल. मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली तर तोही अडखळतो, बरळतो. डोक्याला मार लागलेला मनुष्य मद्यप्यासारखा दिसतो. अशा माणसाला दारुड्या समजून कोठडीत टाकले, तर त्याच्या प्राणावर बेतावयाचे. तेव्हा वैद्यकीय तपासणी ही आरोपीला पकडण्यासाठी असते, तशीच त्याला वाचविण्यासाठीही असते.

आता नाकाबंदीवर प्रत्यक्ष काय घडावे, ते क्रमाने सांगते.

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला वाजवी संशय आला, तर तो चालकाला श्वासाचा नमुना देण्यास सांगू शकतो. ह्या यंत्राचा प्रकार केंद्र सरकारने मान्य केलेला असावा लागतो. श्वासातील अल्कोहोलवरून रक्तातील प्रमाण काढताना, रक्ताच्या एका भागात जेवढे अल्कोहोल असते तेवढे श्वासाच्या सुमारे २१०० भागांत असते, असे धरून हिशेब केलेला असतो. ह्यात एक अडचण अशी की, तोंडात नुकतेच काही मद्यार्कयुक्त द्रव्य गेले असेल, मग ते खोकल्याचे औषध असो की चूळ भरण्याचे द्रव असो, तर यंत्राला पोटातले आणि तोंडातले वेगळे ओळखता येत नाही. सुमारे पंधरा मिनिटांत तोंडातला अंश नाहीसा होतो. म्हणून असे काही घेतले असेल तर चालकाने ते तेथेच, शांतपणे सांगावे आणि थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी. कायद्यात 'एक किंवा अधिक नमुने' असेच शब्द आहेत. यंत्रावर उमटलेला आकडा स्वतः पाहावा. छापील चिठ्ठी निघत असेल तर ती मागावी.

काही सल्लागार असे सांगतात की, फुंकूच नका, म्हणजे पुरावाच उरणार नाही. हा सल्ला घातक आहे. नकार दिला आणि अधिकाऱ्याला मद्याचा संशय असला, तर त्या नकारावरूनच अटक करता येते. आणि २०५ व्या कलमाप्रमाणे, सबळ कारणावाचून दिलेला नकार न्यायालय सरकार पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी गोष्ट मानू शकते. "स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हा माझा घटनेतला हक्क आहे," असे कोणी म्हणेल. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात तो हक्क आहे, हे खरे. परंतु १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची मर्यादा आखून दिली. हाताचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे त्यांनी ठरविले. हेच तत्त्व पुढे रक्ताच्या नमुन्यालाही लागू मानले गेले. थोडक्यात, जिभेला मौनाचा हक्क आहे, श्वासाला नाही.

यंत्राने मद्य दाखविले, तर अधिकारी वॉरंटावाचून अटक करू शकतो. पोलीस ठाण्यात नेल्यावर तेथेही श्वासचाचणी देण्याची संधी आरोपीला मिळाली पाहिजे. आणि आता त्या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद ऐका, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२ व्या कलमाचे परंतुक असे सांगते की, १८५ व्या कलमाखाली अशी अटक झालेल्या माणसाची नोंदणीकृत वैद्यकाकडून अटकेपासून दोन तासांच्या आत तपासणी झाली पाहिजे. तशी न झाल्यास त्याला कोठडीतून मुक्त केले पाहिजे. येथे दोन तास का? कारण शरीर अल्कोहोल सतत जाळीत असते. सर्वसाधारण माणसाच्या रक्तातील प्रमाण दर तासाला शंभर मिलिलिटरमागे सुमारे पंधरा मिलिग्रॅमने उतरते. पहाटेपर्यंत बसवून ठेवलेल्या माणसाच्या रक्तातून रात्रीचे सत्य निघून गेलेले असते. मग दोषी मनुष्य सुटतो, आणि निर्दोषाला आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही. मात्र गैरसमज नको. दोन तासांत तपासणी झाली नाही म्हणजे खटला संपला, असे नव्हे. कोठडीतून सुटका होते, आरोपातून नव्हे.

रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नये, नमुना आरोपीसमक्ष मोहोरबंद व्हावा, आणि तो सरकारी किंवा सरकारमान्य प्रयोगशाळेकडे जावा. आरोपी स्त्री असेल आणि वैद्य पुरुष असेल, तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच नमुना घ्यावा लागतो. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करावयाची, तर ती अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने करावी, असा सर्वसाधारण कायदा आहे. अपघातात जखमी होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या चालकाचा श्वास तपासण्यापूर्वी त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे लागते. उपचारांना बाध येतो असे डॉक्टरांनी म्हटले, तर थांबावे लागते. आणि रुग्णालयात दाखल असेपर्यंत ह्या श्वासचाचणीवरून अटक करता येत नाही.

अटकेनंतरचे हक्क हे केवळ मद्यपी चालकाचे नव्हेत. ते प्रत्येक नागरिकाचे आहेत. राज्यघटनेचा बाविसावा अनुच्छेद हा त्यांचा पाया. डी. के. बसू ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात त्यांना व्यवहाराची रूपरेषा दिली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यांतील बरेच काही कलमबद्ध झाले आहे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा लेख तयार झाला पाहिजे; त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातील प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष आणि आरोपीची सही हवी. घरच्यांना किंवा आरोपी सांगेल त्या मित्राला खबर दिली पाहिजे. अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती मिळाली पाहिजे. चौकशीच्या काळात आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता आले पाहिजे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे.

आणि अटक कशासाठी, हे सांगितले पाहिजे. येथे आपणा सीमाभागातील आणि परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी भाषिकांना जवळची अशी एक गोष्ट आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तत्काळ लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत. परंतु कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्यापूर्वी किमान दोन तास तरी तो लेख त्याच्या हाती पडला पाहिजे. हा निर्णय मुंबईतील वरळी येथे २०२४ मध्ये मोटारीखाली सापडून एका स्त्रीचा मृत्यू झाला, त्याच प्रकरणातून निघाला आहे. ज्या भाषेत कारभार चालतो त्या भाषेचा मान आपण राखावा, ती शिकावी, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. परंतु आपल्यावर कोणता आरोप आहे हेच ज्याला वाचता येत नाही, त्याने सही करावी तरी कशावर?

सहीविषयी एक फरक नीट लक्षात ठेवावा. अटकेच्या लेखावर सही करावयाची असते. पण तपासात पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही घेऊ नये, असे संहितेचे १८१ वे कलम स्पष्ट सांगते. आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हे २०२३ च्या साक्ष अधिनियमाचे २३ वे कलम सांगते. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला हा नियम आहे. नाव आणि पत्ता मात्र खरा सांगावा. तो सांगण्यास नकार देणे हेही अटकेचे कारण होते. बाकी, 'मी वकिलाशी बोलल्यावर सांगेन,' एवढे सभ्यपणे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

१८५ व्या कलमाचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, आणि तो हक्क असल्याचे अटक करणाऱ्यानेच आरोपीला सांगावयाचे असते. जामीनदार मिळत नाही अशा गरिबाला संहितेने जातमुचलक्यावर सोडण्याची सोय ठेवली आहे. पण अपघातात मनुष्य मेला असेल, तर गोष्ट निराळी. २००६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे येथील कार्टर रस्त्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार गेली आणि सात जण मरण पावले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल आढळले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा केवळ निष्काळजीपणा नव्हे, तर सदोष मनुष्यवध आहे असे ठरवून तीन वर्षांची शिक्षा कायम केली. अशा आरोपात जामीन हा हक्क राहत नाही.

परवाना आणि वाहन ह्यांविषयी थोडे सांगते, कारण टेंपो किंवा रिक्षा चालविणाऱ्याचे पोट त्यांवरच असते. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे परवाना जप्त करून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठविणे हे पोलिसांचे कामच आहे. परंतु त्याची तात्पुरती पोचपावती दिली पाहिजे. मात्र त्या पावतीवर वाहन चालविता येत नाही. वाहनाविषयी तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादेतील तक्रारींवरून सूचना दिल्या आहेत. सोबत मद्य न घेतलेला आणि परवाना असलेला मनुष्य असेल, तर वाहन त्याच्या स्वाधीन करावे. तसा कोणी नसल्यास नातलगाला किंवा मित्राला बोलावून घ्यावे. कोणीच आले नाही, तर वाहन ठाण्यात सुरक्षित ठेवून नंतर परत करावे. केवळ मद्यपानाच्या कारणावरून ते अडकवून ठेवू नये, असा त्यांचा आशय आहे.

आणि दंड. पुष्कळ वाहतूक गुन्हे जागेवरच तडजोडीची रक्कम भरून मिटविता येतात. १८५ व्या कलमाचा गुन्हा त्या यादीत नाही. तो न्यायालयातच गेला पाहिजे. तेव्हा रस्त्यात किंवा ठाण्यात ह्या गुन्ह्याचा 'दंड' म्हणून जी रक्कम कोणी मागेल, ती दंड नव्हे. आणि ती देणाराही एका नव्या गुन्ह्यात पाऊल टाकतो.

वकिलाला पैसे नसतील, तर काय करावे? १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतील मनुष्याला, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून ही मदत मागता येते, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या व तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात तिचे कार्यालय असते.

त्याच कार्यालयात मी माझ्या त्या विद्यार्थ्याला घेऊन गेले. तेथे एका तरुण वकील बाईंनी त्याचे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "न्यायाधीशांसमोर तू काय सांगणार?" तो माझ्याकडे पाहू लागला. शाळेत असतानाही उत्तर येत नसले म्हणजे तो असाच पाहत असे. मी काही बोलले नाही. शेवटी तो म्हणाला, "प्यायलो होतो, हे सांगीन. मारामारी केली नाही, हेही सांगीन."

त्याने तसेच सांगितले. मद्यपानाचा दोष पत्करला, दहा हजार रुपये दंड भरला. बायकोचे कानातले त्यासाठी गहाण पडले. परवाना काही महिने गेला. तेवढे दिवस त्याने बाजारात पोती उचलली. परंतु झटापटीचा आरोप टिकला नाही. सही केलेला तो कागद पुराव्यात आलाच नाही. तो आरोप टिकला असता, तर शासकीय सेवकावर हात उचलणारा म्हणून त्याच्या नावापुढे जन्माची नोंद राहिली असती, आणि असल्या माणसाला टेंपो कोण देतो?

हे ऐकून कोणी म्हणेल की, बाईंनी एका दारुड्याला सोडविले. मी त्याला सोडविले नाही. त्याने केले त्याची शिक्षा त्याने पुरी भोगली. जे केले नव्हते त्यातून मात्र कायद्याने त्याला बाहेर काढले. वर्गातही हाच न्याय आहे. एका मुलाने दौत सांडली, म्हणून खिडकीची फुटलेली काचही त्याच्याच नावावर मांडली, तर त्या दिवसापासून तो मुलगा खरे बोलणे सोडून देतो. कारण खरे बोलूनही शिक्षा तेवढीच, हे तो शिकलेला असतो.

ज्या मुलीच्या वडिलांविषयी मी आरंभी बोलले, तिच्या दृष्टीनेही ह्या हक्कांचा विचार करा. तिला न्याय मिळावयाचा तर चालकाची तपासणी वेळेवर व्हावयास हवी, नमुना मोहोरबंद व्हावयास हवा, कागद खरे व्हावयास हवेत. हेच सारे आरोपीचेही हक्क आहेत. जेथे ते पाळले जात नाहीत, तेथे गरीब टेंपोवाला न केलेल्या गुन्ह्यात अडकतो, आणि पैसेवाला मोटारवाला केलेल्या गुन्ह्यातून सुटतो. दोन्ही वेळा तपासणी झालेली नसते, एवढेच त्यांत समान असते.

तेव्हा, श्रोतेहो, हक्कांची ही यादी मद्यपानाचा परवाना म्हणून कोणी ऐकली असेल, तर ती विसरून जा. ज्याला वाहन चालवावयाचे आहे त्याने मद्याला स्पर्श करू नये. ज्याने स्पर्श केला आहे त्याने किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. तीस मिलिग्रॅम ही काही जणांच्या शरीरात एका पेल्यानेही ओलांडली जाणारी मर्यादा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीही नशेतील चालकाच्या वाहनाची भरपाई नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. पण घरातला कोणी चुकलाच, आणि अपरात्री ठाण्यातून निरोप आला, तर घाबरून पैशांची जुळवाजुळव करीत बसू नका. अटक किती वाजता झाली ते विचारा. डॉक्टरांनी तपासले का, ते विचारा. कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून मागा. आणि आपल्या माणसाला एवढेच सांगा की, जे खरे आहे ते सांग आणि जे खरे नाही त्याखाली सही करू नकोस.

माझा तो विद्यार्थी पुन्हा टेंपो चालवू लागला आहे. परवा रस्त्यात भेटला, तेव्हा म्हणाला, "बाई, आता घाटात चहासुद्धा घेताना विचार करतो." आणि हसला. चहाला हरकत नाही, असे मी त्याला सांगितले.